उपसायची कला आणि म्यान करायची: जपानच्या इआइदोची गोष्ट

भाग सुरू करायच्या आधी आज एक छोटंसं काम आहे. जवळपास फुटपट्टी आहे का बघा. कंपासपेटीतली छोटी नको, ती लांब, तीस सेंटिमीटरची. नसेल तर लाटणं चालेल. लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर राहू द्या, शेजारचा घाबरेल. घरी जाऊन करा.

घेतलीत? आता डाव्या हाताची सैल मूठ करा आणि ती डाव्या कमरेला लावा. फुटपट्टी त्या मुठीत पुढून मागे सरकवा. ही मूठ म्हणजे म्यान. आता उजव्या हाताने फुटपट्टीचं पुढचं टोक धरा आणि सर्रकन ओढा. निघाली ना? सोपं आहे.

आता त्या तीस सेंटिमीटरच्या जागी सत्तर सेंटिमीटरचं पातं आहे असं समजा. जपानी कातानाचं पातं साधारण तेवढं असतं, आणि मूठ त्याच्यापुढे वेगळी. ओढा. उजवा हात सरळ होतो, खांदा ताणला जातो, हात संपतो, आणि तलवारीचं टोक अजून म्यानातच असतं. पिक्चरमध्ये हे कधी दिसत नाही. खऱ्या माणसाचा जीव मात्र त्या वीतभर अंतरात अडकलेला असायचा.

उपाय डाव्या हातात आहे. उजवा हात तलवार पुढे ओढतो त्याच वेळी डावा हात म्यान मागे खेचतो. कंबर थोडी वळते, म्यान मागे, तलवार पुढे, आणि टोक सुटतं ते थेट वारातच. म्हणजे आधी तलवार काढली, मग उगारली, मग मारली असे तीन टप्पे नाहीत. काढणं हाच वार. आजचा अख्खा भाग या एका हालचालीवर आहे. तिला जपानमध्ये इआइ म्हणतात, आणि तिच्याभोवती जी विद्या उभी राहिली तिचं आजचं नाव इआइदो.

हा विषय कुठून आला ते सांगते. माझा भाचा 'डीमन स्लेयर'चा भक्त आहे. त्यातला झेनित्सु तुम्हाला माहीत असेल. एरवी रडका, घाबरट, पण झोप लागली की खाली वाकतो, हात मुठीवर जातो, वीज चमकते, आणि पुढच्या क्षणी राक्षस मागे पडलेला असतो. भाचा मला म्हणाला, "मावशी, हे खरंच असतं का गं?" मी म्हटलं, बघून सांगते. मग मी नेहमीसारखी शोधायला बसले आणि पहिल्या दिवशी एक मस्त स्क्रिप्ट तयार झाली. सामुराई, रणांगण, हजार वर्षांची परंपरा वगैरे. ती फेकून द्यावी लागली. कारण जसजशी वाचत गेले तसं लक्षात आलं की ही रणांगणाची विद्या म्हणून वाढलेलीच नाही. लढाया बंद झाल्यावर ती फोफावली. आणि 'इआइदो' हे नाव सगळीकडे रुळलं ते १९३०च्या दशकात. आपल्या बोलपटांच्या वयाचं नाव आहे ते!

आता जरा मागे जाऊ.

जुना सामुराई घोड्यावरचा. त्याचं मुख्य हत्यार धनुष्य, नंतर भाला. तलवार होती, पण ती 'ताची', बाक जास्त असलेली आणि कमरेला दोऱ्यांनी टांगलेली, धार खाली करून. घोड्यावर बसलेल्या माणसाला तशीच सोयीची. पंधराव्या-सोळाव्या शतकात लढाई बदलली. पायदळाच्या मोठ्या फौजा आल्या, १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदुका आल्या. तलवार थोडी आखूड झाली आणि कमरपट्ट्यात खोचली जाऊ लागली, धार वर करून. हीच काताना.

धार वर आहे की खाली, याने एवढा काय फरक पडतो? पडतो. धार खाली असलेली तलवार उपसली की आधी ती वर न्यावी लागते, मग वार. धार वर असलेली तलवार निघतानाच कापत निघू शकते. तुमची फुटपट्टी दोन्ही प्रकारे धरून बघा, मनगट सांगेल. एका अर्थी तलवार कमरेला कशी लावायची ही फॅशन बदलली आणि त्यातून एक नवी विद्या शक्य झाली.

पण गंमत बघा, ऐन लढाईत ही विद्या फारशी कामाची नाही. शत्रू समोरून चालून येतोय हे दिसत असताना तलवार म्यानात ठेवून कोण थांबेल? ती आधीच हातात असणार. म्यानातून थेट वार करायची गरज पडते ती गाफील क्षणी. रस्त्यात, दारात, जेवताना, गप्पा मारताना. 'इआइ' या शब्दाचा अर्थही साधारण असाच लावतात. 'इ' म्हणजे असणं, 'आइ' म्हणजे भेटणं, जुळणं. जिथे आहात, जसे आहात, तिथूनच समोर येईल त्याला भिडायचं.

पहिला गुरू कोण? परंपरा एक नाव घेते, हायाशिझाकी जिन्सुके शिगेनोबु. सोळावं शतक, उत्तर जपानमधला देवा प्रांत, म्हणजे आजच्या यामागाता विभागातलं मुरायामा शहर. कथा अशी की हा लहान असताना त्याच्या वडिलांचा खून झाला. सूड घ्यायचा तर ताकद नाही, वय नाही. म्हणून तो गावातल्या देवळात जाऊन बसला, शंभर दिवस प्रार्थना आणि सराव. शेवटी देवाने दृष्टांत दिला आणि तलवार उपसण्याचं मर्म कळलं. मग त्याने मारेकऱ्याला गाठून मारलं. दृष्टांत, शंभर दिवस, वडिलांचा सूड, हे सगळं वाचताना मला आपल्या पोथ्यांची आठवण येत होती. कथेत खरं किती ते देव जाणे. देऊळ मात्र आजही आहे, इआइच्या नावानेच ओळखलं जातं, आणि जगभरचे इआइ शिकणारे तिथे जाऊन तलवार काढून दाखवतात. देवापुढे रियाज म्हणा ना.

खरं सांगायचं तर तलवार उपसण्याचा सराव त्याच्याही आधी होता. टोकियोच्या पूर्वेला काटोरीचं प्रसिद्ध देवस्थान आहे. तिथे पंधराव्या शतकात ईझासा चोइसाई नावाच्या योद्ध्याने एक घराणं सुरू केलं. त्यात तलवार, भाला, काठी यांच्याबरोबर उपसण्याचे डावही शिकवत. फरक एवढाच की तिथे हा अनेक विषयांतला एक विषय, आणि हायाशिझाकीच्या शिष्यांनी त्यालाच मुख्य विषय केलं. त्याच्यापासून तामिया घराणं, होकी घराणं अशा बऱ्याच शाखा निघाल्या. मी मुद्दाम 'घराणं' म्हणतेय. जपानी शब्द 'र्‍यू', पण आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखंच ते असतं. एक मूळ पुरुष, गुरूकडून शिष्याकडे जाणारी गादी, ठरलेल्या चिजा, आणि 'आमच्याकडे असं घेत नाहीत' हे वाक्य.

त्या सुरुवातीच्या शाखांपैकी उत्तरेकडची एक अजून टिकून आहे, शिन मुसो हायाशिझाकी. तिच्यात दोघं जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एकाच्या हातात आखूड तलवार. दुसऱ्याकडे तीन शाकु तीन सुन, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब! इतक्या जवळून मीटरभर तलवार काढायची कशी? आपली फुटपट्टी आठवा. हात कितीही ताणला तरी जमणार नाही. सगळं अंग उघडावं लागतं, कंबर, खांदा, गुडघा, सगळं एकदम. मला वाटतं हे मुद्दाम अवघड केलेलं गणित आहे. रोज मीटरभर काढणाऱ्याला सत्तर सेंटिमीटर म्हणजे खेळणं.

इथून खरी गोष्ट सुरू होते. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता आली, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. त्यानंतर १६३७-३८ चा शिमाबाराचा उठाव सोडला तर जपानमध्ये दोनशेहून जास्त वर्षं मोठं युद्धच नाही. विचार करा. देशात लाखो माणसांचा एक वर्ग आहे, त्याची ओळखच लढणं ही आहे, कमरेला एक लांब आणि एक आखूड अशा दोन तलवारी लावायचा मान आहे. आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तिथे एका कमरेला दोन राहायच्या. आणि लढाई मात्र नाही. सामुराई काय करायचा? हिशेब लिहायचा, धान्याचा साठा मोजायचा, दरबारात बसायचा. कारकून झाला तो!

बरं, कमरेला तलवार आहे म्हणजे ती काढता येते असंही नाही. एदोच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगुनच्या घरात तलवार उपसणं हाच मोठा गुन्हा. १७०१ मध्ये आसानो नागानोरी नावाच्या तरुण सरदाराने किल्ल्याच्या ओसरीत किरा नावाच्या अधिकाऱ्यावर आखूड तलवार उपसली. का, यावर आजही वाद आहेत. वार बसले, पण किरा वाचला. आसानोला त्याच दिवशी पोट चिरून मरायचा हुकूम झाला. जहागीर गेली, घर गेलं, त्याचे सगळे लोक रस्त्यावर आले. त्यातल्या सत्तेचाळीस जणांनी पुढे सूड घेतला आणि त्यांच्यातलेही जवळजवळ सगळे मेले. ती '४७ रोनिन'ची प्रसिद्ध गोष्ट. सूडाच्या भागावर सिनेमे निघतात. मला मात्र तो पहिला क्षण जास्त अस्वस्थ करतो. एक माणूस एका क्षणी हात मुठीवर नेतो आणि त्या एका क्षणात शेकडो घरं बुडतात.

अशा काळात इआइ वाढली. तलवार काढायची वेळ आयुष्यात कदाचित एकदाच येणार, कदाचित कधीच नाही. आली तर दुसरी संधी नाही. आणि चुकीच्या वेळी काढलीत तर घरदार संपलं. मग शिकायचं काय? काढायचं कसं हे तर शिकायचंच, पण हात मुठीवर असताना न काढता थांबायचं कसं हेही. इआइवाल्यांत एक म्हणणं आहे, विजय म्यानातच असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते टी-शर्टवरच्या वाक्यासारखं वाटलं. आसानोची हकिकत वाचल्यावर तसं वाटलं नाही.

आता एक कोडं. इआइदोचे व्हिडिओ बघितलेत तर दिसेल की सुरुवातीचे बरेच डाव बसून असतात. बसणं म्हणजे सेइझा, आपलं वज्रासन. माणूस वज्रासनात बसलाय आणि कमरेला लांब काताना खोचलेली. पण हे प्रत्यक्षात कुणी करायचंच नाही! कुणाच्या घरी गेलं की लांब तलवार काढून द्यायची, नाहीतर बसल्यावर उजव्या बाजूला ठेवायची. उजव्या बाजूला ठेवली की पटकन उपसता येत नाही, म्हणजे समोरच्याला खात्री पटते. कमरेला फक्त आखूड राहायची. मग कमरेला लांब तलवार लावून वज्रासनातून वार करण्याचा सराव कशासाठी?

मला पटलेलं उत्तर असं. ही लढाईची नक्कल नाही, अंग तयार करायची युक्ती आहे. वज्रासनात पाय बांधलेले असतात. धावून, उडी मारून, खांद्याच्या जोरावर वेळ मारून नेता येत नाही. कंबर आणि पोट बरोबर चाललं तरच तलवार निघते. वज्रासनातले हे डाव ओमोरी रोकुरोझाएमोन या गुरूच्या नावावर आहेत आणि त्यांवर ओगासावारा नावाच्या शिष्टाचाराच्या परंपरेची छाप आहे असं मानतात. शिष्टाचार आणि तलवार एकत्र! त्याच्याही आधीचा एक प्रकार आहे, तातेहिझा, एक गुडघा उभा करून बसणं. तो करून बघा एकदा, पाच मिनिटांत घोटा बोंबलायला लागतो. हे तातेहिझाचे डाव हासेगावा एइशिनच्या नावाने ओळखले जातात. तो हायाशिझाकीच्या गादीवरचा सातवा. जुने डाव त्याने कमरेत खोचलेल्या कातानासाठी नव्याने बसवले.

एइशिनचं हे घराणं एदोहून दक्षिणेला तोसा प्रांतात गेलं. शिकोकू बेटावरचा आजचा कोची विभाग. घेऊन गेला हायाशी रोकुदायु नावाचा तोसाचा माणूस. आणि तिथे ते बंद दाराआड राहिलं. तोसाची विद्या तोसाबाहेरच्याला द्यायची नाही. आपल्याकडेही चीज चोरतील म्हणून दाराला कडी लावून गाणारे बुवा होतेच की.

दुसरीकडे एदोच्या बाजारात इआइचं काय चाललं होतं? दंतमंजन विकलं जात होतं! खरंच. रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा राहायचा, अवाढव्य लांब तलवार हातात. आता काढतो, मग काढतो, असं बोलत बोलत गर्दी जमवायचा, एकदा सर्रकन काढून दाखवायचा, आणि मग दातांची पावडर नि औषधं विकायचा. वेळ पडली तर दातही उपटून द्यायचा. इतिहासातला हा माणूस मला फार आवडतो. दाराआडचे गुरू त्याला बघून नाक मुरडत असतील. पण सामान्य माणसाला इआइ माहीत झाली ती त्याच्यामुळे. आजच्या भाषेत तो रील्स करत होता.

मग आलं १८६८. शोगुनची सत्ता गेली, मेइजी सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. १८७१ मध्ये सांगितलं, तलवार लावली नाही तरी चालेल. मार्च १८७६ मध्ये सांगितलं, लावायचीच नाही. सैन्य, पोलीस आणि सरकारी समारंभाचा पोशाख एवढेच अपवाद. त्याच वर्षी सामुराईंचे पिढीजात तनखेही बंद झाले, हातात सरकारी रोखे टेकवले. पुढच्या वर्षी सात्सुमात सामुराईंचा शेवटचा मोठा उठाव झाला आणि सक्तीने भरती केलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी बंदुकांनी तो मोडला.

इआइची वाट इथेच बंद व्हायला हवी होती. तलवारीचे सामने निदान तिकीट लावून दाखवता येत होते. १८७३ मध्ये टोकियोच्या आसाकुसात साकाकिबारा केंकिची या तलवारबाजाने तसे खेळ लावले, लोकांनी गर्दीही केली. पुढे पोलिसांनी तलवारबाजी उचलली, त्यातून केंडो मोठं झालं. इआइत मात्र समोर प्रतिस्पर्धीच नसतो. एकटा माणूस हवेत वार करतो. कोण तिकीट काढणार?

तोसात धागा तुटता तुटता राहिला. आणि तो राहण्यात एका राजकारण्याचा हात आहे, इतागाकी ताइसुके. जपानमध्ये लोकांना हक्क हवेत, संसद हवी म्हणून चळवळ उभी करणारा हा माणूस मूळचा तोसाचा. १८९० च्या दशकात त्याने आपल्या प्रांतातली ही विद्या मरू नये म्हणून खटपट केली, जुन्या गुरूंना शिकवायला लावलं. लोकशाहीचा पुरस्कर्ता सामुराईंची विद्या वाचवतोय, हे मला आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, विचित्र कशाला? आपलं गाव सुधारायला निघालेल्या माणसालाच गावातलं काय हरवतंय ते दिसत असेल.

त्याच प्रांतात ओए मासामिची नावाचे गुरू होते. तोपर्यंत या घराण्याच्या दोन फांद्या झाल्या होत्या. ओएंनी दोन्हींकडे शिक्षण घेतलं, विखुरलेले डाव गोळा केले, काही गाळले, काही नव्याने लावले, आणि वज्रासनाचे, तातेहिझाचे, वरच्या पातळीचे असे वर्ग केले. आज ज्याला मुसो जिकिदेन एइशिन घराणं म्हणतात त्याचा अभ्यासक्रम त्यांनी लावलेला आहे. शाळेतल्या मुलांना शिकवलं, बाहेरच्यांनाही. कडी काढली म्हणायचं.

आणि बाहेरून आलेला सगळ्यात प्रसिद्ध शिष्य म्हणजे नाकायामा हाकुदो. हा इशिकावाकडचा, टोकियोत नाव कमावलेला तलवारबाज. तोसाचा नाही म्हणून दार बंद. इतागाकीच्या ओळखीने ते उघडलं. नाकायामाने दोन्ही फांद्यांच्या गुरूंकडे शिकून आपली पद्धत बसवली. तिला आज मुसो शिंदेन म्हणतात. आजचा जगातला इआइदोवाला बहुधा ओएंच्या नाहीतर नाकायामाच्या वाटेने आलेला असतो. म्हणजे बघा, 'प्राचीन' म्हणून आपण जे बघतो ते बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या दोन माणसांनी लावलेलं आहे. मला यात फसवणूक वाटत नाही. भातखंडे नसते तर आपल्या रागांचं काय झालं असतं, तसंच ते.

पण पुढचा भाग गोड नाही, आणि तो टाळून ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

'इआइदो' हे नाव १९३०च्या दशकात रुळलं म्हटलं ना, तो काळ कसला होता? 'जुत्सु' म्हणजे कसब, 'दो' म्हणजे वाट, साधना. नाव सुंदर आहे. पण त्याच वेळी जपानी सैन्य चीनमध्ये घुसत होतं. तलवार पुन्हा राष्ट्राचं चिन्ह झाली. १९३४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी जुन्या ताचीच्या धर्तीवर नवी तलवार आली. तोयामा लष्करी शाळेत तर इआइतूनच घेतलेले, फक्त उभ्याने करायचे डाव अधिकाऱ्यांना शिकवत होते. १९३७ मध्ये नानकिंगमध्ये कैद्यांना आणि साध्या नागरिकांना मारायला याच तलवारी वापरल्या गेल्या. शंभर माणसं तलवारीने आधी कोण मारतो अशी शर्यत दोन अधिकाऱ्यांत लागल्याच्या बातम्या टोकियोच्या एका वृत्तपत्राने छापल्या. त्या शर्यतीत खरं किती, यावर आजही वाद घालतात. बातम्या कौतुकाने छापल्या होत्या, यावर वाद नाही.

भाचा विचारतो "हे खरंच असतं का", तेव्हा उत्तरात हेही येतं. म्यानात विजय असतो म्हणणारी विद्या आणि हात बांधलेल्या माणसाच्या मानेवर पडणारी तलवार, दोन्ही एकाच देशात, एकाच काळात. विद्या शिकवणाऱ्यांनी तेव्हा काय केलं? काही त्या लाटेत स्वतःहून गेले, काही गप्प राहिले. साधना म्हटलं की माणूस आपोआप चांगला होतो असं काही नाही, एवढं तरी मी यातून घेतलं.

१९४५ मध्ये जपान हरला. अमेरिकन फौजांनी तलवारी जमा करायला लावल्या. घराघरांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तलवारी गेल्या. कित्येक वितळवल्या, कित्येक समुद्रात टाकल्या. १८९५ पासून चालत आलेली युद्धकलांची मोठी संस्था, दाइ निप्पोन बुतोकुकाइ, बंद झाली. शाळांतून तलवारबाजी गेली. मग १९५२ मध्ये केंडोचा नवा महासंघ आला, १९५४ मध्ये इआइदोचा वेगळा. सूर बदलला होता. आता भर शरीर, मन, शिस्त यांवर.

१९६९ मध्ये केंडो महासंघाने एक व्यवहारी गोष्ट केली. केंडोवाले बांबूच्या तलवारीने खेळतात, खऱ्या तलवारीला धार कुठल्या बाजूला हेही अंगात मुरलेलं नसतं. म्हणून वेगवेगळ्या घराण्यांतून घेऊन सगळ्यांसाठी सात डाव ठरवले. पुढे तीन आणि २००० मध्ये आणखी दोन, असे आता बारा आहेत. जुनी मंडळी कुरकुरतात की सगळं एकसारखं झालं. कुरकुर खरी आहे. पण या बारा डावांमुळेच युरोपातला आणि ओसाकातला माणूस शेजारी उभे राहून एकच डाव करू शकतात. स्पर्धाही तशीच होते. दोघं शेजारी उभे, दोघांपुढे काल्पनिक शत्रू, आणि पंच लाल किंवा पांढरा झेंडा उचलतात.

यातला पहिला डाव ऐका, नाव 'माए', म्हणजे 'समोर'. तुम्ही वज्रासनात बसलाय. समोर कुणीतरी बसलंय. त्याच्या मनात तुम्हाला मारायचं आलंय हे तुम्हाला जाणवतं. दोन्ही हात सावकाश तलवारीकडे जातात. सावकाश, कारण तो अजूनही थांबू शकतो. नाही थांबला तर गुडघ्यांवर उठत तलवार निघते ती त्याच्या कानशिलावर आडवी. मग पुढे सरकून डोक्यावरून सरळ खाली. मग पात्यावरचं रक्त झटकल्यासारखी एक हालचाल, चिबुरी. (असं झटकून रक्त जात नाही. पातं पुसावंच लागतं. ते सगळ्यांना माहीत आहे, तरी करतात.) आणि मग म्यान करणं, नोतो.

प्रत्येक डावात वाईट हेतू आधी समोरच्याचा असतो, हे लक्षात आलं का? जगात आजवर तलवार उपसलेल्या प्रत्येकाला असंच वाटत आलंय, असं मी मनात म्हटलं. असो.

नोतो मात्र बघण्यासारखी असते. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने म्यानाचं तोंड धरायचं, पात्याचा मागचा भाग त्या बोटांवरून सरकवत टोकापर्यंत न्यायचं आणि टोक आत. हे न बघता. नजर समोर पडलेल्या त्या नसलेल्या माणसावर. इथेही आधी डाव्या हाताने म्यान पुढे आणायचं असतं, फुटपट्टीचाच हिशेब उलटा. नवशिक्याला कापतं ते इथे, डाव्या हाताला. म्हणून सुरुवातीला लाकडी तलवार, मग इआइतो, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची, धार नसलेली. खरी धारेची काताना वर्षानुवर्षांनी. जपानमध्ये खऱ्या तलवारीचा नोंदणीचा कागद कायम तलवारीसोबत ठेवावा लागतो.

तलवार म्यान करणे म्हणजे भांडण संपवणे, हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ती हालचाल एवढी अवघड असते हे मला पन्नास व्हिडिओ बघेपर्यंत माहीत नव्हतं. उपसताना राग मदत करतो, हे निदान मला रोजच्या भांडणांवरून माहीत आहे. म्यान करताना तो मदत करत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. एक, हे ऐकून कुणी ऑनलाइन काताना मागवणार असेल तर थांबा. आपल्याकडे शस्त्र कायदा आहे, ऑनलाइन तलवारी मागवल्यावर आणि वाढदिवसाचा केक तलवारीने कापल्यावर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. लाकडी घ्या, आणि शिकायचं असेल तर शिकवणारा कुणाकडे शिकलाय ते आधी विचारा. खरा शिकवणारा या प्रश्नाने चिडत नाही.

दोन, आज रात्री काही बघायचं असेल तर कुरोसावाचा 'सान्जुरो' बघा, १९६२ चा. शेवटी दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. बराच वेळ काहीच होत नाही. फोन हातातून ठेवा त्या वेळी, नाहीतर चुकेल. बघून झालं की मला कळवा, तोशिरो मिफुनेने नेमकी कशी काढली ते तुम्हाला दिसलं का. मी चार वेळा मागे नेऊन बघितलं. भाच्याला दुसऱ्याच वेळी दिसलं.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू.